पाठ दाखवणं

टिपेने, शुक्रवारी गोरला जाणार आहेस ना, तर ऐक.
बेकरीशेजारचा जिना नाही, त्याच्या पलीकडचं हिरवं दार.
मी पहिल्या खेपेला बेकरीतच शिरलो होतो,
दोन चीज रोल खाल्ले आणि खरं तर परतच निघालो होतो,
तेवढ्यात शिंक आली.
कमरेतून अशी कळ गेली की विजेचा खांब धरून उभा राहिलो.
खांबासमोरच ते दार.

आधी कागद देतात.
त्यावर माणसाचं चित्र, पुढून आणि मागून,
ना नाक ना डोळे.
दुखतं तिथे फुल्या मारा म्हणतात.
मागच्या माणसाला मी एवढ्या फुल्या मारल्या
की तो न कातरलेला दिसायला लागला.

मग ती विचारते. आयोना मॅकर्चर,
आपल्या पोरींच्या वयाची, र असा घोळवते
की तिचे आजोबा कालच स्कॉटलंडहून उतरले असावेत.
कधीपासून? पाय बधीर होतो?
दुखण्यानं रात्री जाग येते? लघवीला काही त्रास?
लाजू नकोस. मी लाजलो,
तर पेन खाली ठेवून ती थांबून राहिली,
कुठे जायचंच नसल्यासारखी.
काम काय करता?
मेंढ्या कातरतो, म्हटलं. एकतीस वर्षं.
दिवसाला किती?
आता अडीचशे. पूर्वीचं विचारू नका.
तिने ते लिहिलं नाही. माझे हात पाहत राहिली,
लोकरीच्या तेलानं तान्ह्या पोरासारखे मऊ पडलेले.

उभं करते, वाकवते,
गुडघ्यावर रबरी हातोडीनं टिचकी मारते,
उताणं झोपवून एकेक पाय वर नेते.
तोंड वाकडं झालं की सांगायचं,
मर्दानगी शेडमध्येच ठेवून जा.
एक्सरे काढला नाही. लागला तर काढू, म्हणाली, आज नको.
आणि काय करणार ते आधी सांगते, मग विचारते: करू?
नाही म्हणालास तर नाही.

मी बराच वेळ काहीच म्हटलं नाही.
कोपऱ्यात सांगाडा टांगलेला,
त्याला कुणीतरी लोकरीची टोपी घातली होती.
करा, म्हटलं.

कुशीवर वळवलं. वरचा गुडघा दुमडला, खालचा हात ओढला,
खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे,
तिची मांडी माझ्या मांडीला टेकलेली,
आणि टिपेने, तेव्हा मला कळलं मी कोण आहे.

मेंढी बुडावर बसवतोस ना, तिची पाठ आपल्या गुडघ्यांत?
चुकीची धरलीस की लाथा झाडते.
बरोबर धरलीस की सगळं सोडून देते,
डोळे उघडे, मान सैल, जणू ती तिची नव्हेच.
ताकदीचं काम नाही ते. तुला कळायला दोन हंगाम गेले.
एकतीस वर्षं मी वरच्या बाजूला होतो.
खालून छत कसं दिसतं, ठाऊक नव्हतं.

श्वास सोडा, म्हणाली.
सोडला.
कडकन वाजलं. हाड मोडत नाही,
सांध्यातल्या पाण्यात बुडबुडा होतो म्हणे.
मला वाटलं, कुंपणाची तार तुटली.

बस, एवढंच. चमत्कार मनातून काढून टाक.
दुसऱ्या दिवशी अंग असं ठणकलं,
जसं हंगामाच्या पहिल्या रात्री ठणकतं.
चारदा आणखी गेलो. मांजरासारखी पाठ वर करायचा
एक व्यायाम दिलाय, पहाटे करतो,
कुत्रं शेजारी बसून लाज वाटल्यासारखं दुसरीकडे बघतं.
दुखणं गेलं नाही, पण बसायची जागा बदलतं.
आणि माझी पाठ आता तिला पाठ झालीय.
हात ठेवला की म्हणते, या आठवड्यात मेंढे होते वाटतं.

त्या पहिल्या खेपेनंतरच्या सोमवारी
पहिली मेंढी ओढून आणली, बसवली,
आणि मशीनची दोरी ओढण्याआधी थांबलो.
करू? असं काही विचारलं नाही, वेडा नाहीये मी.
नुसता थांबलो.
तूच ओरडला होतास मागून:
म्हाताऱ्या, झोप लागली काय?